सेनापतीचे वय आणि संघाचे भवितव्य

कोणत्याही संघाचा हंगाम जवळ आला की क्रीडारसिकांच्या बैठकींत एक प्रश्न हमखास निघतो. संघाचा जुना, नामवंत आणि लोकांच्या गळ्यातील ताईत असलेला खेळाडू आता वयाने थकला आहे. त्याच्या भरवशावर यंदाचा हंगाम पार पडेल काय? एक पक्ष म्हणतो, "अहो, तो आहे म्हणूनच संघ आहे." दुसरा पक्ष म्हणतो, "तो आहे म्हणूनच संघ अडला आहे." दोन्ही पक्षांचा आवेश एवढा असतो की मूळ प्रश्न बाजूलाच राहतो. प्रस्तुत लेखात ह्या प्रश्नाचा शक्य तितक्या शांतपणे विचार करावयाचा आहे. विषय खेळाचा असला तरी त्यातून निघणारा बोध केवळ खेळापुरता नाही, असे वाचकांच्या ध्यानी येईल.

आपल्या सुरत शहराचा ह्या प्रश्नाशी एक प्रत्यक्ष संबंध आहे. मार्च २०२२ मध्ये चेन्नई सुपर किंग्ज ह्या संघाने आपल्या सरावाचे शिबिर सुरतेत, लालभाई कॉन्ट्रॅक्टर मैदानावर भरविले होते. त्या वर्षी आयपीएलचे साखळी सामने मुंबई, नवी मुंबई व पुणे येथे व्हावयाचे होते. तेथील खेळपट्ट्यांशी जुळेल अशी भूमी संघास हवी होती, म्हणून त्यांनी तापीकाठची ही नगरी निवडली. संघाच्या गाडीचे दर्शन घेण्यासाठी रस्त्याच्या दुतर्फा जो समुदाय लोटे, त्याचे डोळे एकाच व्यक्तीला शोधीत असत. ती व्यक्ती म्हणजे महेंद्रसिंह धोनी. ७ जुलै १९८१ ही त्याची जन्मतारीख लक्षात घेतली, तर त्या वेळी तो चाळिशी ओलांडून गेलेला होता. १५ ऑगस्ट २०२० रोजी त्याने आंतरराष्ट्रीय क्रिकेटचा निरोपही घेतला होता. तरीही संघाच्या आशा त्याच्याभोवतीच फिरत होत्या.

ह्या संघाचे पुढील चार हंगाम म्हणजे आपल्या प्रश्नाचे जणू उघडे पुस्तकच होय. ते पुस्तक वाचण्यापूर्वी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. वय खेळाडूचे काय हिरावून नेते आणि काय हिरावून नेत नाही?

धोनी हा यष्टिरक्षक. वीस षटकांच्या एका डावात किमान १२० चेंडू पडतात. प्रत्येक चेंडूस यष्टिरक्षकाला गुडघ्यांत वाकून बसावे लागते आणि पुन्हा उठावे लागते. साखळीतील १४ सामन्यांचा हिशेब केला, तर ही बैठक १,६८० वेळा होते. त्यात धावणे, झेपावणे व फलंदाजी धरलेली नाही. विशीतील तरुणास ह्यात काही विशेष वाटणार नाही; परंतु चाळिशीपुढच्या गुडघ्यांना ह्याची किंमत मोजावी लागते. २०२३ चा हंगाम संपताच धोनीला गुडघ्यावर शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली, आणि २०२५ मध्ये संघाचे प्रशिक्षक स्टीफन फ्लेमिंग ह्यांनी त्याचे गुडघे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत, त्यामुळे तो दहा-दहा षटके भर वेगाने फलंदाजी करू शकणार नाही, असे उघडपणे सांगितले. वय नेते ते हे: पायांतील वेग, दोन धावांऐवजी तीन काढण्याची उमेद, आणि एका सामन्याचा शीण दुसऱ्या सामन्यापूर्वी झटकून टाकण्याची शक्ती.

परंतु वय जे नेत नाही, तेही थोडे नसते. उधना, पांडेसरा किंवा लिंबायत ह्या भागांत ज्यांचे बालपण यंत्रमागांच्या खडखडाटात गेले आहे, त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. कारखान्यात नवा आलेला तरुण कारागीर धावपळीत पुढे असेल. पण वीस वर्षे तेथे काढलेला जाणता मनुष्य नुसत्या आवाजावरून ओळखतो की, कोपऱ्यातल्या कोणत्या मागाची चाल बिघडली आहे. त्याचे डोळे अधू झाले तरी त्याचा कान शाबूत असतो. यष्टिरक्षकाचे स्थान असेच आहे. सारे मैदान त्याच्यासमोर पसरलेले असते. फलंदाजाचे पाऊल कोठे पडते, गोलंदाजाचा खांदा कधी उतरतो, कोणता क्षेत्ररक्षक दोन पावले सरकला पाहिजे, हे त्यालाच प्रथम दिसते. ही दृष्टी वयाने मंदावत नाही. उलट प्रत्येक सामन्यागणिक ती अधिक पैलूदार होत जाते.

आता त्या उघड्या पुस्तकाकडे वळू.

२०२० साली धोनीने हंगामात २०० धावा केल्या आणि संघ सातवा आला. २०२१ साली त्याच्या अवघ्या ११४ धावा झाल्या आणि संघाने विजेतेपद पटकावले. २०२२ साली, म्हणजे सुरतेच्या शिबिरानंतरच्या हंगामात, त्याने २३२ धावा केल्या आणि संघ दहांपैकी नववा आला. २०२३ साली त्याच्या धावा १०४ वर आल्या आणि संघाने पाचव्यांदा करंडक उचलला. २०२४ साली १६१ धावा व पाचवे स्थान. २०२५ साली १९६ धावा व दहावे, म्हणजे अगदी शेवटचे स्थान. इतक्या तळाशी हा संघ पूर्वी कधीच गेला नव्हता.

हे आकडे पुन्हा एकदा पाहावेत. ज्या दोन वर्षी संघ जिंकला, त्याच दोन वर्षी ह्या वीराच्या धावा सर्वांत कमी आहेत. आणि ज्या वर्षी त्याने सर्वांत अधिक धावा केल्या, त्या वर्षी संघ जवळजवळ तळाशी आहे. म्हणजे धोनीने धावा केल्यामुळे संघ हरला, असा ह्याचा अर्थ मुळीच नव्हे. तसा अर्थ काढणे म्हणजे छत्र्या उघडल्यामुळे पाऊस आला असे म्हणण्यासारखे होईल. खरा अर्थ निराळा आहे. वरच्या क्रमांकाचे फलंदाज आपले काम चोख करीत होते, तेव्हा सातव्या-आठव्या क्रमांकावरील जुन्या वीराला फलंदाजीस यावेच लागले नाही. आणि ते कोसळले, तेव्हा त्याला लवकर येऊन ओझे उचलावे लागले. अर्थात जुन्या वीराच्या धावांवरून हंगामाचे भाकीत करणे व्यर्थ आहे. भाकीत करावयाचे असेल तर त्याच्या पुढे व मागे कोण उभे आहे, ते पाहावे लागते.

२०२३ चा विजय ह्याच दृष्टीने तपासून पाहा. त्या वर्षी डेव्हन कॉन्वेने ६७२ धावा केल्या, तर पुण्याच्या ऋतुराज गायकवाडने ५९०. शिवम दुबेने ३५ षटकार ठोकले, अजिंक्य रहाणेने सर्वांना चकित करणाऱ्या वेगाने ३२६ धावा जमविल्या आणि कल्याणच्या तुषार देशपांडेने २१ बळी घेतले. मराठी वाचकांस अभिमान वाटावा अशीच ही नामावली आहे. अहमदाबादच्या अंतिम सामन्यात धोनी पहिल्याच चेंडूवर शून्यावर बाद झाला. शेवटच्या दोन चेंडूंवर १० धावा हव्या असताना रवींद्र जडेजाने एक षटकार व एक चौकार मारून विजय खेचून आणला. मग धोनीचे त्या सामन्यात काहीच मोल नव्हते काय? होते, आणि ते फार मोठे होते. हंगामभर धावांचा पाऊस पाडणारा शुभमन गिल ३९ धावांवर खेळत असताना जडेजाच्या चेंडूवर त्याचा पाय क्षणभर उचलला गेला, आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच धोनीने यष्ट्या उडविल्या. फलंदाज म्हणून शून्य, परंतु यष्टिरक्षक व नायक म्हणून अमूल्य, असा तो दिवस होता. ज्या कामास वय बाधत नाही ते काम वृद्धाकडे, आणि ज्या कामास दम लागतो ते तरुणांकडे, अशी वाटणी त्या संघात झालेली होती. विजयाचे रहस्य ह्या वाटणीत आहे.

ह्याच्या उलट २०२५ मध्ये घडले. त्या वर्षी संघातील सर्वाधिक धावा दुबेच्या, आणि त्याही ३५७. दोन वर्षांपूर्वी सहाशेच्या वर धावा करणारा फलंदाज ज्या संघात होता, तेथे आता चारशेही कोणी गाठले नाहीत. पाच सामन्यांनंतर कोपराच्या दुखापतीमुळे नायक गायकवाड हंगामाबाहेर गेला आणि नायकपदाची धुरा पुन्हा त्रेचाळीस वर्षांच्या धोनीच्या खांद्यावर आली. १४ सामन्यांत ४ विजय, एवढीच मिळकत. तेव्हा अनेकांनी सारा दोष त्या एका वयोवृद्ध खेळाडूच्या माथी मारला. पण हा न्याय नव्हे. पुढचा दिवा विझला म्हणून मागच्याला शिव्या देण्यात काय हशील? आणि त्याच हंगामात, १४ एप्रिल २०२५ रोजी लखनौविरुद्ध ११ चेंडूंत नाबाद २६ धावा करून सामनावीराचा मान त्यानेच मिळविला होता.

तथापि, दोष कोणाचाच नव्हता असेही नाही. तो व्यवस्थेचा होता, आणि तो समजून घेण्यासाठी पुन्हा २०२२ कडे जावे लागते. सुरतेचे शिबिर आटोपून संघ मुंबईस गेला. २६ मार्च रोजी पहिला सामना होता. २४ मार्च रोजी, म्हणजे केवळ दोन दिवस आधी, धोनीने नायकपद जडेजाकडे सोपविल्याची घोषणा झाली. जडेजा हा थोर अष्टपैलू खेळाडू आहे ह्यात शंका नाही. परंतु संघ हाकण्याचा अनुभव त्याच्या गाठी फारसा नव्हता. पहिले चारही सामने हातचे गेले. आठ सामन्यांत दोनच विजय मिळाले, जडेजाच्या स्वतःच्या खेळावरही मळभ आले आणि ३० एप्रिल रोजी नायकपद पुन्हा धोनीकडे परतले. आपल्या गावाहून निघताना ज्या संघाची वारसदारी ठरलेली दिसत नव्हती, त्याने ती मार्गावर ठरविली आणि महिनाभरात मोडली. वारसा हा असा ऐन वेळी खिशातून काढून देण्याची वस्तू नाही.

गायकवाडच्या बाबतीत तसे झाले नाही. २०२४ च्या हंगामापूर्वी त्याला नायक केले गेले, तेव्हा त्याने ह्याच संघात कित्येक हंगाम काढलेले होते. महाराष्ट्राच्या संघाचे नेतृत्व केलेले होते आणि २०२३ मध्ये हांगझोऊ येथील आशियाई क्रीडास्पर्धेत भारतीय क्रिकेट संघाचा नायक म्हणून सुवर्णपदकही जिंकलेले होते. त्या वर्षी संघाने १४ पैकी ७ सामने जिंकले आणि धावगतीच्या फरकाने त्याची बाद फेरी हुकली. धोनीने त्या हंगामात १६१ धावांसाठी फक्त ७३ चेंडू घेतले. १४ एप्रिल २०२४ रोजी वानखेडे मैदानावर त्याला डावातील शेवटचे चारच चेंडू मिळाले. समोर गोलंदाज होता हार्दिक पंड्या, ज्याचा जन्म आपल्याच सुरत जिल्ह्यातील चोर्यासी येथला. त्या चार चेंडूंत धोनीने २० धावा केल्या, आणि चेन्नईचा विजय झाला तोही नेमका २० धावांनी. जुन्या तलवारीचा उपयोग कसा करावा, ह्याचा हा उत्तम पाठ होय. ती रोज लाकडे फोडण्यास वापरू नये. परंतु म्हणून तिला भिंतीवर टांगूनही ठेवू नये.

येथे कोणी म्हणेल की, हा आजच्या चटपटीत क्रिकेटचा प्रकार झाला. जुन्या काळी असे नव्हते. इतिहास मात्र वेगळे सांगतो. १९३९-४० व १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे महाराष्ट्राने रणजी करंडक जिंकला, तेव्हा संघाचे नायक होते प्रा. दिनकर बळवंत देवधर. १४ जानेवारी १८९२ हा त्यांचा जन्मदिवस. म्हणजे ते पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते. १९४०-४१ मध्ये मुंबईविरुद्ध त्यांनी २४६ धावांची खेळी केली. संस्कृतच्या ह्या प्राध्यापकाने पन्नाशीला टेकून असा पराक्रम करावा, हे अद्भुतच! परंतु महाराष्ट्राचे यश केवळ त्या एका वृद्ध बॅटवर उभे नव्हते. १९३९-४० मध्ये त्यांच्याच संघातील एका चोवीस वर्षांच्या तरुणाने बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या होत्या. त्या तरुणाचे नाव विजय हजारे. रंगा सोहोनी हेही तेव्हा ऐन तारुण्यात होते. देवधरांनी आपल्याभोवती तरुणांची फळी उभी केली, आणि म्हणून त्यांचे वय हे संघाचे वैभव ठरले, ओझे ठरले नाही. पुढे हेच हजारे बडोद्यास गेले. १९५७-५८ मध्ये बडोद्याने रणजी करंडक जिंकला, तेव्हा संघातील हजारे स्वतः चाळिशी ओलांडून गेलेले होते. काल ज्याला वडीलधाऱ्याच्या छायेत वाढता आले, तोच आज दुसऱ्यांवर छाया धरतो, हा क्रम असा चालतो.

सातासमुद्रापलीकडेही हाच अनुभव आहे. अमेरिकेत फुटबॉल ह्या नावाने जो खेळ खेळला जातो, तो आपल्या फुटबॉलहून अगदी भिन्न आहे. त्यात चेंडू हातांनी फेकतात, आणि प्रत्येक चाल ज्याच्या हातून सुरू होते त्या खेळाडूस क्वार्टरबॅक म्हणतात. तो संघाचा जणू सेनापतीच. डेन्व्हर ब्रॉन्कोज संघाचा पेटन मॅनिंग हा असाच एक नामांकित सेनापती. २०१५ च्या हंगामात तो ३९ वर्षांचा होता. त्याच्या फेकीतला जोर ओसरला होता. त्या हंगामातील साखळी सामन्यांत त्याच्या फेकींतून ९ वेळा गुण लाभले, तर १७ वेळा चेंडू प्रतिपक्षाने हिरावून घेतला. मध्यंतरी त्याच्या जागी तरुण खेळाडूही खेळविण्यात आला. तरीसुद्धा ७ फेब्रुवारी २०१६ रोजी त्याच संघाने २४-१० अशा गुणांनी अंतिम विजय मिळविला, कारण त्यांची बचावफळी अभेद्य होती आणि म्हाताऱ्या सेनापतीने आपल्या शक्तीबाहेरचे धाडस केले नाही. आपण पूर्वीचे राहिलो नाही हे ओळखून त्याप्रमाणे खेळणे, ह्यालाही एक प्रकारचे शौर्य लागते.

आता विरुद्ध पक्षाचे म्हणणेही ऐकून घेतले पाहिजे. खेळाडूने अशा वेळी निवृत्त व्हावे की लोकांनी "का बरे गेलात?" असे विचारावे, "का जात नाही?" असे नव्हे, हा विचार विजय मर्चंट ह्यांच्या नावाने सांगितला जातो. १९५१ मध्ये दिल्ली येथे इंग्लंडविरुद्ध १५४ धावा करून त्यांनी आपला शेवटचा कसोटी सामना गाजविला, त्यामुळे त्या विचारास त्यांच्या जीवनाचेही तारण आहे. विचार सुंदर आहे ह्यात वाद नाही. परंतु बारकाईने पाहिले तर तो व्यक्तीच्या प्रतिष्ठेचा विचार आहे. संघाच्या हिताचा नव्हे. प्रतिष्ठेच्या शिखरावर असताना निघून जाणारा खेळाडू आपले नाव राखतो. पण मागे राहिलेल्यांना काही शिकवून जातो की नाही, हा प्रश्न त्यात येतच नाही. माझ्या मते, उतरत्या वयात थोडी टीका सोसून, खालच्या क्रमांकावर खेळून, दुसऱ्याच्या नेतृत्वाखाली राहून तरुणांस तयार करणारा खेळाडू हा शिखरावरून निघून जाणाऱ्यापेक्षा रतिभरही उणा नाही.

मात्र ह्या म्हणण्यास एक मोठी अट आहे, आणि येथे आपण प्रेक्षकही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहतो. २०२३ च्या हंगामात चेन्नईचे प्रेक्षक जडेजा बाद होण्याची वाट पाहत, कारण तो बाद झाल्याशिवाय धोनी मैदानात येणार नसे. जडेजाने स्वतः हसत हसत ही गोष्ट बोलून दाखविली होती. त्या हसण्यामागे काय असेल, ह्याचा विचार करावा. आपल्याच संघाचा गडी बाद झाला म्हणून टाळ्या पडाव्यात, ह्याहून विपरीत काय? ही भक्ती आहे. पण ती संघाची नव्हे. भक्तीचा पूर इतका वाढला की तरुण खेळाडू चांगला खेळला तरी लोकांना तो अडथळाच वाटू लागतो. वडाच्या झाडाखाली सावली छान मिळते, परंतु रोपे वाढत नाहीत, हे शेतकऱ्याचे पोर सांगू शकेल.

पैशाचा आक्षेपही कोणी घेतात. तो मात्र टिकणारा नाही. २०२५ च्या हंगामासाठी धोनीला ४ कोटी रुपयांत ठेवण्यात आले होते, तर गायकवाड व जडेजा ह्यांना प्रत्येकी १८ कोटी. तेव्हा वृद्ध खेळाडूची खरी किंमत रुपयांत नसते. ती असते अकरांतील एका जागेची. ती जागा आज जर त्याच्याकडे असेल, तर उद्या ती घेणाऱ्या मुलाला केव्हा व कसे शिकविले जात आहे, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक रसिकास आहे. २०२५ मध्ये विरारच्या सतरा वर्षांच्या आयुष म्हात्रेने बेंगळूरविरुद्ध ४८ चेंडूंत ९४ धावा केल्या. सुरतेहून मुंबईस जाणाऱ्या आगगाडीच्या मार्गावरचेच हे विरार. आपल्यापैकी अनेकांनी ते स्थानक खिडकीतून पाहिले असेल. परंतु हा मुलगा संघात आला तो गायकवाड जखमी झाला म्हणून. योजनेने आलेला नव्हे, अपघाताने आलेला. दैवाने जे दार उघडले, ते व्यवस्थेने आधीच उघडून ठेवावयास हवे होते.

पुढे संघाने ह्यापासून काही बोध घेतला, असे दिसते. नोव्हेंबर २०२५ मध्ये २०२६ च्या हंगामासाठी धोनीला कायम ठेवतानाच संघाने जडेजा व सॅम करन ह्यांच्या बदल्यात राजस्थानकडून संजू सॅमसन ह्या यष्टिरक्षकास घेतले. डिसेंबर २०२५ च्या लिलावात १९ वर्षांचा यष्टिरक्षक कार्तिक शर्मा आणि २० वर्षांचा अष्टपैलू प्रशांत वीर ह्यांच्यासाठी प्रत्येकी १४ कोटी २० लाख रुपये मोजले. ही तयारी पाहता आशेला जागा होती असे माझे मत आहे. परंतु ती आशा धोनीच्या गुडघ्यांवर टांगलेली नसावी. अशा कोणत्याही संघाचे भवितव्य तीन प्रश्नांच्या उत्तरांवर ठरते. पहिला प्रश्न: वरचे चार फलंदाज एवढ्या धावा करतात काय की, जुन्या वीराला शेवटच्या दोन-तीन षटकांपूर्वी यावेच लागू नये? दुसरा: त्याला विश्रांती देण्याचा दिवस आला, तर यष्टीमागे उभा राहणारा दुसरा गडी सज्ज आहे काय? तिसरा: मैदानावरचा निर्णय घोषित नायक स्वतः घेतो, की प्रत्येक चेंडूस मागे वळून पाहतो? ह्या तिन्हींचे उत्तर समाधानकारक असेल, तर सेनापती चव्वेचाळीस वर्षांचा असला तरी हंगाम चांगला जाईल. नसेल, तर तो पंचविशीचा असूनही उपयोग होणार नाही.

विद्यार्थिमित्रहो, हा सारा खटाटोप आपल्यापासून फार दूरचा आहे असे मानू नका. शाळेच्या संघात तर प्रत्येक वर्षी एक खेळाडू वृद्ध होतो. सोळा वर्षांचा, मिसरूड फुटू लागलेला दहावीचा किंवा सतरा-अठरा वर्षांचा बारावीचा विद्यार्थी हाच आपला म्हातारा सेनापती! कबड्डीत चढाई त्याचीच, खो-खोत शेवटचा गडी तोच, क्रिकेटमध्ये पहिले षटक त्याचेच. वार्षिक सामने होतात, ढाल मिळते, छायाचित्र निघते. आणि जून महिना उजाडताच तो निघून जातो. मग आठवी-नववीची मुले मैदानावर उभी राहतात आणि त्यांना साधी क्षेत्ररचनाही करता येत नाही, कारण वर्षभर त्यांनी केवळ चेंडू आणून देण्याचे काम केलेले असते. त्यांच्यात गुण नव्हते असे नाही. त्यांना संधी दिली गेली नव्हती.

ह्यावर उपाय अवघड नाहीत आणि त्यांना पैसाही लागत नाही. शनिवारच्या सरावातील अर्धा वेळ संघाचे नेतृत्व खालच्या वर्गातील मुलाने करावे आणि ज्येष्ठ नायकाने त्याच्या हाताखाली खेळावे. सोप्या प्रतिपक्षाविरुद्धच्या सामन्यात नवा यष्टिरक्षक, नवा चढाईपटू उतरवावा. एखादा सामना त्यामुळे गेला तरी चालेल. शाळा सोडून जाणाऱ्या प्रत्येक नायकाने एक वही लिहून ठेवावी: कोणत्या मैदानाची माती कशी आहे, कोणता गडी दडपणाखाली शांत राहतो, कोणत्या चुका वारंवार झाल्या. मुलींच्या संघांनाही हेच लागू आहे. तेथे तर चांगल्या खेळाडूचा सराव घरच्या कामांमुळे आधीच तुटतो, म्हणून दुसरी फळी तयार असणे दुप्पट आवश्यक. आणि आपण प्रेक्षकांनी एवढे करावे की, लहान मुलगा मैदानात उतरला म्हणजे मोठ्याच्या नावाचा घोष थांबवावा.

पुढील वर्षी आपल्या संघाचे काय होईल, असे कोणी विचारले तर उत्तर देण्यापूर्वी ढालीच्या कपाटाकडे पाहू नये. सायंकाळी मैदानावर जावे आणि सातवी-आठवीतल्या मुलाच्या हाती चेंडू आहे की नाही, ते पाहावे. तेथे जे दिसेल, तेच पुढच्या हंगामाचे खरे भाकीत होय.